पायगुणाच्या पाचजणी

कळंबच्या पारावर सोनबाला कुणीही विचारावं, "आबा, बरं हाय का?" आणि त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "सुनेच्या जिवावर झकास हाय." हे ऐकून काही जण मिशीत हसायचे. सासऱ्यानं चारचौघांत सुनेचं एवढं गुणगान करावं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. सोनबाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. हातपाय गाळून बसलेल्या माणसाला ज्या पोरीनं उभं केलं, तिचं नाव घ्यायला लाजायचं कशाला, असा त्याचा सरळ सवाल होता.

सोनबाच्या घरात आजा-पणज्यापासून मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी यायचं, यात त्याचं सगळं आयुष्य गेलं. पण उसानं तालुका झाकून टाकला, पडीक रान हुडकून सापडेना, बांधाबांधाला तारा आल्या. पोरगा अविराज कारखान्याच्या ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चढला तो खाली उतरायला तयार नव्हता. सोनबाचे गुडघेही बोलायला लागले. शेवटी सगळा कळप विकला. आणि नेमकी त्याच वर्षी निकिता सणसरहून लग्न होऊन घरात आली होती. गावाला बोलायला तेवढं पुरे झालं. सून आली आन् कळप गेला, असला पायगुण, असं बायका नळावर बोलल्या. ते सोनबाच्या कानावर आलं, म्हणजे त्या पोरीच्याही कानावर गेलंच असणार. पण तिनं कधी त्याचा उच्चार केला नाही.

मेंढरं गेल्यावर सोनबा ओसरीच्या खांबाला टेकून बसला तो बसलाच. बायको सारजा आधी समजुतीनं बोलली, मग तिच्या स्वभावाप्रमाणं बोलली, पण हा हलेना. निकितानं तेव्हा रानातल्या शेततळ्यात मासे सोडले होते. एक दिवस तिनं कोपऱ्यात उभी केलेली काठी आणून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "आबा, तळ्यावर बगळं लई झाल्यात. माझ्याच्यानं एकटीच्यानं हाकलत न्हाईत." एवढंच. सोनबा काठी घेऊन तळ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची वाघूर काढली. मेंढरं रात्री कोंडायला धनगर ज्या जाळ्या उभ्या करतात, त्या वाघरा. त्यानं त्या तळ्याभोवती ताणून बांधल्या आणि स्वतः लिंबाखाली घोंगडं टाकून बसला. त्या दिवसापासून तो दोन्ही वेळेला पोटभर जेवायला लागला. बगळे हाकलायला निकिताला माणूस मिळाला असता, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर तो तिचं नाव घ्यायचा.

बाकी सगळं ठीक होतं, पण माशांची एक गोष्ट त्याच्या मनाला खटकत होती. निकिता पाळायची ती चिलापी. ती त्याला कागदावरच्या नावानं तिलापिया म्हणायची, पण उजनीकाठी त्याला चिलापीच म्हणतात. तर त्या सगळ्याच्या सगळ्या चिलाप्या नर होत्या. आणि नुसत्या निवडून आणलेल्या नव्हेत, तर खाऊ घालून नर केलेल्या.

"म्हंजे कसं गं?" त्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

निकितानं त्याला समजावून सांगितलं. पिल्लू अगदी बारीक असतं, तेव्हा त्याचं नर की मादी हे पक्कं झालेलं नसतं. त्या पहिल्या काही आठवड्यांत नराचं हार्मोन लावलेलं खाद्य दिलं, की मादी व्हायची ती पिल्लंही नर होऊन वाढतात. हे ती स्वतःच करायची. हातात मोजे, तोंडाला फडकं बांधून ते औषध स्पिरिटमध्ये विरघळवायची, पिठासारख्या खाद्यावर फवारायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात औषधाचा जोर जातो म्हणायची. त्या वेळी तिथं कुणी फिरकलेलं तिला चालायचं नाही. हे खाद्य फक्त सुरुवातीच्या दिवसांत. पुढं मासा खाण्याएवढा होईपर्यंत त्याचा अंशही अंगात राहत नाही, हेही तिनं त्याला सांगितलं होतं.

"आन् बायांनी काय घोडं मारलंय?" सोनबानं विचारलं.

"आबा, चिलापीची मादी अंडी तोंडात धरून बसती. पिल्लंबी तोंडातच सांभाळती. तवर ती धड खात न्हाय, मग वाढंल कशी? आन् जरा कुठं मोकळी झाली की परत अंडी. बघता बघता तळं पिल्लांनी भरून जातं. खाणारी तोंडं लाख, आन् मासा एकबी तळहाताएवढा हुत न्हाय."

सोनबानं मान डोलावली, पण ते त्याच्या मनात उतरलं नाही. त्याच्या धंद्यात सगळं उलट होतं. नर विकायचा, मादी ठेवायची. कळपात मेंढा एखाद-दुसरा पुरतो, मेंढी मात्र जपावी लागते, कारण उद्याचा कळप तिच्या पोटात असतो. नुसत्या नरांचा कळप म्हणजे आज आहे, उद्या नाही. एवढ्या गुणाच्या पोरीच्या तळ्याला उद्या नसावा, हे त्याला कसंतरीच वाटायचं.

यंदा निकितानं मोठी उडी मारायचं ठरवलं होतं. मासे पाळणारे आसपास खूप झाले होते, पण नर पिल्लं सगळ्यांना लांबून आणावी लागत. ती पिल्लं आपणच तयार करायची, असं तिच्या मनात होतं. बारामतीहून मत्स्य खात्याच्या राजेश्वरी मॅडम येऊन तिला शिकवून गेल्या होत्या. पण असं पिल्लांचं केंद्र काढायच्या परवानगीच्या आधी एक चाचणी होती. निकितानं स्वतःच्या हातानं औषधाचं खाद्य घालून चारशे पिल्लं वाढवायची, ती विहिरीजवळच्या लहान तळ्यात वेगळी ठेवायची, आणि ती ओळखण्याजोगी झाली की मॅडम एकूण एक तपासणार. जवळजवळ सगळी नर निघाली तर केंद्र निकिताचं. नाही निघाली तर ते दुसऱ्या गावाला जाणार होतं. निकिता त्या चारशे पिल्लांना डोळ्यांत तेल घालून जपत होती. हे केंद्र झालं तर नळावरच्या बायकांची तोंडं आपोआप बंद होतील, असं सोनबाला वाटायचं. निकिताला काय वाटायचं ते ती बोलायची नाही.

सोनबाच्या घराण्यात एक रीत होती. घरातल्या कर्त्या माणसाच्या हाती कळप द्यायचा झाला, की थोरल्यानं स्वतः निवडलेल्या पाच मेंढ्या त्यात गुपचूप सोडायच्या. बोलून दिलं तर तो उपकार होतो, म्हणून बोलायचं नाही. घेणाऱ्यानं आपल्या कळपात त्या ओळखायच्या, आणि मगच थोरल्याच्या पाया पडायचं. ओळखता याव्यात म्हणून सोनबाचा बाप त्यांच्या डाव्या कानाला खालच्या अंगानं तिरकी कातर मारायचा. ती त्यांच्या घराची खूण. त्या मेंढ्यांना पायगुणाच्या मेंढ्या म्हणत. सोनबाला त्याच्या बापानं दिल्या होत्या. सोनबानं अविराजला द्यायच्या, तर कळपच राहिला नाही आणि अविराजला तो नकोही होता. लोकर कातरायची कातर तेव्हापासून ओसरीतल्या खिळ्याला लटकत होती.

आता कळप कुणाच्या हातात आहे, याचा विचार करताना सोनबाला एक दिवस लख्ख उत्तर मिळालं. रीत पोरांसाठी होती, सुनांसाठी नव्हती. पण ती मोडायला आता अडवणारं कोण होतं?

तो एसटीनं उजनीच्या पाण्याकडं गेला. तिथं म्हस्कू होता. पूर्वी मेंढरं धरणाच्या काठाला बसायची तेव्हाचा दोस्त, आता जाळं टाकून पोट भरणारा.

"पाच माद्या पायजेत," सोनबा म्हणाला. "जित्या. चांगल्या अंगापेरानं भरलेल्या."

म्हस्कूनं त्याच्याकडं बघितलं. "खायाला?"

"खायाला न्हाय. द्यायाला."

म्हस्कूनं जाळ्यातून एकेक काढून दिली. त्यातल्या एकीनं तोंड घट्ट मिटलेलं होतं. म्हस्कूनं बोटानं जरा दाबलं तर आतून मोहरीएवढी पिल्लं बाहेर आली आणि लगेच परत आईच्या तोंडात शिरली. सोनबा बघत राहिला. थंडीच्या दिवसांत नुकतं जन्मलेलं कोकरू तो असाच घोंगड्यात छातीशी धरून चालायचा. त्यानं ती पाचात घेतली.

मग त्यानं ओसरीतल्या खिळ्यावरून आणलेली कातर पिशवीतून काढली. माशाला कान नसतो, म्हणून त्यानं शेपटीच्या खालच्या कोपऱ्याला तिरकी कातर मारली. पाचीजणींना. म्हस्कू म्हणाला, "सोनबा, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?" पण तोच त्याला मोटरसायकलवरून कळंबपर्यंत सोडायलाही आला. सोनबा मागं दुधाचा कॅन मांडीवर घेऊन बसला होता. खड्डा आला की म्हस्कूला म्हणायचा, "हळू, लेकुरवाळी हाय आत."

मोठ्या तळ्यात सोडाव्यात की लहान तळ्यात, याचा त्याला फारसा विचार करावा लागला नाही. नवा कळप लहान तळ्यातच होता. निकिता बाजाराला गेली होती. सोनबानं टोपी काढली, बिरोबाचं नाव घेतलं आणि पाचीजणी पाण्यात सोडल्या. त्या दिवशी तो इतका खुशीत होता, की सारजानं त्याच्या तोंडाचा वास घेतला.

महिना गेला असेल-नसेल. सकाळी सोनबा बगळे हाकलायला लहान तळ्याकडं वळला, तर काठच्या उथळ पाण्यात पिल्लांचे थवेच्या थवे. काठीची सावली पडली की सगळे मिळून वळत होते. म्हातारा तिथंच मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले. मग उठून जमेल तेवढ्या जोरात घराकडं चालत सुटला आणि दारातनंच म्हणाला, "निकिता, चल बघाय. तुझा कळप वाढला."

निकिता ओल्या हातानं तशीच आली. तिनं पाण्यात बघितलं. सोनबा तिच्या तोंडाकडं बघत होता, ओळखल्यावर ते कसं फुलतंय हे त्याला बघायचं होतं. पण तिचं तोंड पांढरं पडलं. ती काठावर वाकली, ओंजळीत पाणी घेतलं, त्यातलं पिल्लू बघितलं आणि ओंजळ सोडून दिली.

"गेलं सगळं, आबा," ती म्हणाली. "माझ्या चारशात माद्या राहिल्या. कुठंतरी हात चुकला माझा."

आपण काय केलं, हे सोनबाला त्या क्षणी कळलं. इतके दिवस ऐकलेलं सगळं मनात उतरलं, पण वेळ टळून गेल्यावर.

निकिता घरात गेली. तो तिच्या मागं मागं गेला. ती चुलीपाशी उभी राहून स्वतःशीच बोलत होती. एक दिवस आभाळ होतं, खाद्य नीट वाळलं नव्हतं, ते तिनं घटकाभर उन्हात ठेवलं होतं, तेच नडलं असणार. मग तिनं फोन हातात घेतला. "मॅडमना सांगती येऊ नका म्हून," ती म्हणाली. "तपासणी दोनच दिवसांवर आलीया. त्यांचा हेलपाटा तरी वाचंल. लोकं म्हणत्यात ते खोटं न्हाय, आबा. माझा पायगुणच तसला."

हे तिच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकत होता. सोनबानं पुढं होऊन तिच्या हातातला फोन काढून घेतला. सुनेच्या हाताला त्यानं आजवर कधी हात लावला नव्हता.

"तुझा हात न्हाय चुकला. माझा चुकला," तो म्हणाला. आणि सगळं सांगितलं. उजनी, म्हस्कू, दुधाचा कॅन, पाच माद्या.

निकितानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आबा, माझ्यासाठी खोटं बोलू नका."

"खोटं?"

"मला वाईट वाटू नये म्हून तुमी अंगावर घेताय. मी वळखती तुमाला."

हिच्यापुढं आता खरं कसं खरं करायचं, हे सोनबाला कळेना. तेवढ्यात त्याची नजर खिळ्यावरच्या कातरीकडं गेली. "खूण घातलीया," तो म्हणाला. "शेपटीला. पायगुणाच्या मेंढीला घालतो ती." मग त्यानं तिला ती रीतही सांगितली. निकिता ऐकता ऐकता पाटावर बसली. तिनं मॅडमना फोन केला नाही.

राजेश्वरी मॅडम आल्या तेव्हा निकितानं त्यांना काठावरची पिल्लं दाखवली आणि सासऱ्याची हकिगत जशीच्या तशी सांगितली. मॅडमनी सोनबाकडं चष्म्याच्या वरून बघितलं. "बघू या," एवढंच त्या म्हणाल्या. तळ्यात जाळं फिरवलं. मॅडम एकेक मासा उताणा धरायच्या, नर-मादी उठून दिसावं म्हणून पोटाखाली निळा रंग लावायच्या आणि सांगायच्या, नर. नर. नर. सोनबा लिंबाखाली उभा होता. जन्मभर त्यानं कळपात मादी निघावी म्हणून बिरोबाला हात जोडले होते. आज तो नुसता नर मागत होता.

"ही मादी," मॅडम म्हणाल्या.

निकितानं शेपटी बघितली. खालच्या कोपऱ्यात तिरकी खूण होती. तिनं वर बघितलं, तिची नजर सोनबाला हुडकत होती. सोनबानं नजर खाली घातली. पुढं दुसरी निघाली, तिसरी निघाली. दोघींनाही खूण. मग एक निघाली ती बिनखुणेची. निकिताच्या हातातली टोपली कलली. दुपारपर्यंत पाचीजणी सापडल्या, आणि बिनखुणेच्या सगळ्या मिळून तीन.

मॅडमनी खुणेच्या मादीची शेपटी उन्हाकडं धरली. कापलेला कोपरा परत भरत आला होता आणि तेवढा भाग पांढुरका, पातळ दिसत होता. "ही कातर काल-परवाची नाही," त्या म्हणाल्या. "आबा खरं सांगतायत."

"पण बाकीच्या तीन?" निकितानं विचारलं.

"शेकड्यात एखादी राहतेच, कितीही नीट करा. चारशेला चारशे नर निघाले असते ना निकिता, तर मलाच संशय आला असता." मॅडम पहिल्यांदा हसल्या. "तुझा हात चांगला आहे. कामाला लाग."

काठावरची पिल्लं मात्र काढून टाकावी लागली. आईचं कूळ ठाऊक नाही, ती ठेवता येत नाहीत, असं मॅडम म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं. सोनबा त्या दिवशी दुपारी जेवला नाही. पाचीजणींना त्यानं पुन्हा दुधाच्या कॅनमध्ये घातलं आणि म्हस्कूकडं, जिथून आणल्या तिथं सोडून आला. म्हस्कूनं चहा पाजला. परतताना एसटीत सोनबा विचार करत होता, की आता निकिताला तोंड कसं दाखवायचं. पोर रागावली नव्हती, हेच त्याला जड जात होतं.

केंद्राचं काम सुरू झालं तसं सोनबाच्या लक्षात आलं, की मोठ्या तळ्याशेजारी खणलेल्या नव्या तळ्यात मच्छरदाणीसारख्या जाळीचे चौकोनी कप्पे उभे राहतायत. एक दिवस गाडी आली. हवा भरलेल्या पिशव्यांतून निकितानं मासे उतरवले. चांगल्या जातीचे, लांबून आणलेले.

"ह्ये काय?" सोनबानं लांबूनच विचारलं. हल्ली तो पाण्याच्या फार जवळ जायचा नाही.

"माद्या," निकिता म्हणाली.

सोनबाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"आबा, नर पिल्लं विकायची म्हटलं तरी ती जन्माला कोण घालणार? आयाच न्हवं का? मोठ्या तळ्यात त्या नकोत, हितं जाळीत वेगळ्या पायजेत. तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तळं तेवढं चुकलं." ती घरात गेली आणि आली तेव्हा तिच्या हातात खिळ्यावरची कातर होती. धुऊन, औषधाच्या पाण्यात बुडवून आणलेली. "मॅडम म्हणाल्यात, आयांना खूण घालायची, दुसऱ्या माशात मिसळाय नकोत म्हून. मी म्हणलं, खूण आमच्या घरात हाय."

तिनं कातर त्याच्यापुढं धरली. सोनबानं ती घेतली, पण पाण्याकडं पाऊल टाकलं नाही.

"अगं, मी तुझं वाटोळं करत हुतो," तो म्हणाला.

"तुमी मला कळप देत हुता." निकिता म्हणाली. "माझा पायगुण वाईट म्हणत हुतं गाव, आन् तुमी त्याच नावाच्या पाचजणी माझ्या पाण्यात सोडल्या. मी त्या वळखल्या, आबा. पाया पडायचं तेवढं राहिलं हुतं."

ती वाकली. ओला पदर, चिखलानं भरलेले हात. सोनबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मनात एवढंच होतं, की देवा, माझं सगळं गेलं असं मी म्हणत होतो, आणि तू हिला घरात धाडलीस.

मग तो जाळीपाशी उकिडवा बसला. निकितानं पहिली मादी ओल्या फडक्यात धरून त्याच्यापुढं केली. त्यानं शेपटीचा खालचा कोपरा बोटात घेतला.

"डाव्या हाताला जरा कलती धर," तो म्हणाला. "आमच्या घरची खूण तिरकी असती."

"आपल्या," निकिता म्हणाली, आणि मासा कलता केला.